आंबटांच्या गावी एक उपरी

महाराष्ट्रीय स्वयंपाकघरात आंबटपणाची वतने फार पूर्वीच वाटून झालेली आहेत, आणि तीही इतक्या काटेकोरपणे की पेशवे दप्तरातल्या एखाद्या निवाडपत्राने हेवा करावा. घाटावरच्या आमटीवर चिंचेचा हक्क. तोच घाट उतरून कोकणात पाऊल टाकले की हक्क आमसुलाकडे जातो. चैत्रातल्या वाटल्या डाळीवर कैरीची मिरास, कढीवर ताकाची, पोह्यांवर आणि वरणभातावर लिंबाची. आणि अंबाडी तर स्वतःच आंबट असल्यामुळे कोणाचीच ताबेदारी पत्करीत नाही. टोमॅटो तेवढा मागाहून आला. त्याच्याजवळ सनद नव्हती, साक्षीदार नव्हते, सोवळ्यातल्या मंडळींनी तर त्याला कित्येक वर्षे उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेवले. परंतु निव्वळ वहिवाटीच्या जोरावर त्याने रश्शापासून कोशिंबिरीपर्यंत सर्वत्र कब्जा मिळविला, आणि गृहिणींनी त्याचे नाव मुकाट्याने खातेवहीत चढविले.

अशा या बंदिस्त गावात पॅशन फ्रूट नावाचा एक उपरी अलीकडे येऊन उतरला आहे. जुन्या गावगाड्यात ज्याची जमीन वाडवडिलांपासून चालत आलेली तो मिरासदार आणि जो परगावाहून येऊन कसू लागला तो उपरी, अशी वाटणी असे. उपऱ्याला जमीन कसता येई, सारा भरता येई, पण गावकीच्या मानपानात त्याला कोणी विचारीत नसे. पॅशन फ्रूटची आमच्याकडची अवस्था हुबेहूब अशीच आहे. सर्व जण त्याचे कौतुक करतात, कापलेल्या फळाचा वास घेऊन डोळे मिटतात, "काय सुंदर वास आहे हो!" असे म्हणतात, आणि मग याचे करायचे काय हा प्रश्न उपस्थित होताच ते परडीत घालून शेजारी पाठवून देतात.

आमच्या बाबतीत तो शेजारी आम्हीच असल्यामुळे प्रश्न पुढे ढकलण्याची सोय राहिली नाही.

पलीकडच्या बंगल्यात एक सेवानिवृत्त मामलेदार राहतात. फिर्यादी आणि अर्जदार भेटेनासे झाले की सरकारी अधिकारी बहुधा बागेकडे वळतो, कारण झाडांनाही वर्षानुवर्षे ताटकळत उभे राहण्याची सवय असते. रावसाहेबांनी कोडगूच्या प्रवासातून पिवळ्या जातीचे एक रोप आणले आणि गच्चीवर मांडव घालून त्यावर चढविले. वेल भलतीच महत्त्वाकांक्षी निघाली. वर्षभरात तिने मांडव व्यापला, पाण्याची टाकी व्यापली, कपडे वाळत घालण्याच्या तारा व्यापल्या आणि मग कसलीही नोटीस न देता आमच्या हद्दीत अतिक्रमण केले. फुले तर इतकी आली की जाणारे-येणारे थांबून वर पाहू लागले. फळ मात्र एक धरेना.

याचे कारण वनस्पतिशास्त्राला ठाऊक होते, रावसाहेबांना नव्हते. या पिवळ्या जातीच्या फुलाला स्वतःच्या वेलीचा पराग चालत नाही. तो निराळ्या कुळातल्या वेलीकडून यावा लागतो. थोडक्यात, सगोत्र विवाह निषिद्ध. जांभळ्या जातीत हे सोवळे नाही, ती आपल्या आपण फळते. शिवाय फूल इतके ऐसपैस की बिचाऱ्या मधमाशीची पाठ परागकोशांना धड लागतही नाही. ती मध पिऊन निघून जाते आणि काम तसेच राहते. त्यासाठी भुंगाच हवा, लाकडाला भोके पाडून राहणारा तो काळा, स्थूल, गुणगुणणारा भुंगा. आणि नेमका तोच, गच्चीच्या लाकडी खांबांची नासाडी करतो या आरोपावरून, रावसाहेबांनी खांबांना डांबर फासून पूर्वीच हद्दपार केला होता. संस्कृत कवींनी ज्याला कमळाच्या कोशात रात्रभर सन्मानाने कोंडून ठेवले, त्याला आमच्या आळीत राहायला एक खांब मिळू नये! तेव्हा रावसाहेबांनी दुसरी वेल पैदा केली आणि भुंग्याच्या रिक्त जागेवर, हंगामी तत्त्वावर, स्वतःचीच नेमणूक करून घेतली. परंतु या फुलाची कचेरी उघडते ती भर दुपारी बाराच्या सुमारास आणि बंद होते रात्री. सबब, ज्या प्रहरी समस्त पुणे शहर दारे लावून आडवे होते, त्या प्रहरी हा साठी उलटलेला गृहस्थ डोक्याला पंचा गुंडाळून, हातात रंगाचा बारीक कुंचला घेऊन, फुलाफुलांतून पराग पोहोचवीत हिंडताना दिसू लागला. वामकुक्षीचा एवढा त्याग पुण्यात फळासाठी तर सोडाच, स्वराज्यासाठीही फारसा कोणी केला नसावा.

फुलाविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ज्याला आपण कृष्णकमळ म्हणून कुंपणावर लावतो त्या वेलीचे आणि या वेलीचे घराणे एकच. आमच्या आत्याबाईंनी चष्मा लावून रावसाहेबांच्या फुलाची शहानिशा केली आणि भोवतालचे तंतू ते शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर ते पांडव आणि त्यांच्यावरची तीन टोके ते ब्रह्मा-विष्णू-महेश, असा निर्वाळा दिला. गंमत अशी की दक्षिण अमेरिकेतल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीही याच घराण्याच्या फुलांकडे अशाच भाविकपणे पाहिले होते, आणि १६१० साली रोममध्ये जाकोमो बोसियो नावाच्या लेखकाने त्या फुलाचे रहस्य ग्रंथात नोंदवूनही ठेवले. ख्रिस्ती परंपरेच्या हिशेबी तंतूंचे वलय हा येशूचा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर या त्याच्या पाच जखमा, वरची तीन टोके हे क्रुसाचे तीन खिळे. दोन्ही पक्षांची मोजदाद अचूक. जमाबंदी एकच, खातेदार निराळे. आत्याबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, त्यांच्याकडे कौरवांचे काय केले मग?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

फूल लागल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी फळ पिकते. ते तोडायचे नसते. पूर्ण पक्व झाले की ते आपखुशीने देठाचा राजीनामा देऊन खाली पडते. आणि वेलीने आमच्या हद्दीत अतिक्रमण केलेले असल्यामुळे पुष्कळसा माल आमच्याच अंगणात, बहुधा रात्रीच्या निवांत समयी, पन्हळीच्या पत्र्यावर आदळून पडू लागला. मी परडी भरून प्रामाणिकपणे परत करावयास गेलो, तेव्हा रावसाहेबांनी तीस वर्षांच्या महसुली अनुभवाला स्मरून फैसला दिला: "जमिनीवर पडले ते जमीनमालकाचे. न्या परत." या उदारपणाचा खरा अर्थ मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलेल्या चार परड्या पाहिल्यावर कळला.

येणेप्रमाणे माल हजर झाला. आता त्याचे वर्णन. कवच हाताला कडक. कापले की आत पांढऱ्या गराचे जाड अस्तर. आणि मधल्या पोकळीत केशरी रसाच्या असंख्य इवल्या पिशव्या, प्रत्येकीत एक काळे कुळकुळीत बी. जांभळे फळ सुरकुतले की खराब झाले असे समजून लोक फेकून देतात, ते चूक; सुरकुत्या पडल्यावर त्याचा आंबटपणा निवतो आणि गोडी वाढते. (हा नियम मनुष्यप्राण्याला लागू पडतो की नाही, याविषयी आमच्या घरात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांचे पुढारी सुरकुतलेले आहेत.) चव सांगणे कठीण. अननस, संत्रे आणि पिकलेला पेरू यांनी एकमेकांविरुद्ध दिलेल्या साक्षींतून जे सत्य निघेल ते साधारण या फळाच्या जवळपास असेल.

सौभाग्यवतींनी त्याला प्रथम आमटीत तैनात केले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: आंबट आहे, फुकट आहे, चिंच महाग आहे. आंबट वस्तू आधी घातली तर डाळ शिजता शिजत नाही, हे कोणत्याही मराठी गृहिणीला शिकवावे लागत नाही. म्हणून रस त्यांनी तूरडाळ मऊ झाल्यावरच घातला, वर गूळ, गोडा मसाला, कढीपत्त्याची फोडणी, आणि रीतीप्रमाणे चांगली उकळी काढली. त्या दहा मिनिटांत आमचे स्वयंपाकघर नंदनवन झाले. सुगंध खिडकीतून बाहेर पडला, जिन्यावरून उतरला, रावसाहेबांच्या दिवाणखान्यात पोहोचला. आणि पातेल्यात शिल्लक उरला तो केवळ आंबटपणा, जो चिंचेने यापेक्षा सफाईने पुरविला असता. चिंचेची आणि आमसुलाची सारी दौलत त्यांच्या आंबटपणात आहे, आणि ती उकळत्या पाण्यालाही लुटता येत नाही. पॅशन फ्रूटची दौलत सुगंधात, आणि सुगंध हा असा चंचल की उष्णतेची चाहूल लागताच पोबारा करतो. त्या दिवशी पंक्तीला असलेल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी पानाच्या कडेला काळ्या बियांची एक टुमदार रास रचली आणि शेवटी इतकेच विचारले, "मोहरी परदेशातली वाटते?"

यानंतर पिठल्यात, भरल्या वांग्यांत आणि एकदा टोमॅटोच्या साराशेजारी सहआरोपी म्हणून त्याला उभे करण्यात आले. तपशील देत नाही. निकाल सर्वत्र तोच.

एवढ्यावरून ते फळ परके आणि म्हणून आपल्या अन्नाला मानवत नाही, असे कोणी म्हणू लागला तर मात्र मला हरकत घ्यावी लागेल. याचे मूळ गाव दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना या मुलखात. आणि त्या खंडाशी आपल्या मुदपाकखान्याचा व्यवहार चारशे वर्षांचा आहे. बटाटा तिकडला, मिरची तिकडली, शेंगदाणा तिकडला, काजू, पेरू आणि अननस तिकडले. पोर्तुगिजांच्या गलबतांतून जे जे उतरले त्याला आपण पाटावर बसविले. किंबहुना एकादशीचे ताट समोर ओढून चौकशी करू पाहाल, तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा ब्राझीलकडचा, दाण्याचा कूट त्याच खंडातला, बटाटा तिकडच्याच डोंगरांतला आणि हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. वऱ्याचे तांदूळ आणि जिरे एवढीच काय ती जुन्या जगाची अब्रू राखून बसलेली. आज ही सर्व मंडळी कट्टर मिरासदार झाली असून नव्या उपऱ्याकडे नाक मुरडून पाहतात. पॅशन फ्रूटचा अपराध एवढाच की ते गलबत चुकून मागाहून आले, आणि आले ते निलगिरी, कोडगू, वायनाड, मणिपूर, नागालँड अशा थंड मुलखांतून वाट काढीत. महाराष्ट्राच्या बाजारात त्याला अजून नीटशी पाटी नाही.

तेव्हा ज्या गावचा माणूस त्या गावी त्याला काय काम देतात, हे पाहणे क्रमप्राप्त होते. ब्राझीलमध्ये त्याचा एक पदार्थ घरोघर होतो तो ऐकून सौभाग्यवतींचा प्रथम विश्वास बसेना. आटीव गोड दुधाचा एक डबा, तेवढीच साय, आणि त्याच रिकाम्या डब्याने मापून घेतलेला फळाचा रस. तिन्ही एकत्र घुसळून शीतकपाटात ठेवायचे. विस्तव नाही, अंडे नाही, घट्ट करणारे काही नाही. तरी दोन-तीन तासांत ते चमचा उभा राहील इतके जमते, कारण रसातल्या आम्लाने दुधातले प्रथिन आळते. आपल्याकडे याच घटनेला दूध फाटले म्हणतात, त्याबद्दल गवळ्याला जाब विचारतात आणि घरात दोन दिवस अबोला असतो. तिकडे तीच घटना वाट्यांत भरून पाहुण्यांना देतात. पदार्थ मी खाल्ला. उत्तम लागतो. बासुंदीत मात्र हा रस घालण्याच्या भानगडीत पडू नये. उकळत्या दुधाला आळण्याचा हा सुसंस्कृतपणा साधत नाही.

त्या ब्राझीलकरांची अशीही समजूत आहे की या रसाने डोके शांत होते; एखादा फार तावातावाने बोलू लागला की त्याला, जा बाबा, थोडा रस घे, असे सांगतात. ही माहिती कळताच रावसाहेबांनी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सर्वांना त्याचे सरबत पाजले. सरबत सुरेख झाले होते: साखरेचा पाक करून पूर्ण निववलेला, मग त्यात न तापवलेला गाळीव रस, चिमूट मीठ, किंचित भाजलेल्या जिऱ्याची पूड. वाहने कोणी कोठे उभी करावीत या विषयावरची चर्चा नेहमीपेक्षा दीड तास अधिक चालली. शांत डोक्याने भांडता येते, हा नवाच शोध त्या दिवशी लागला.

रस गाळण्याची युक्ती येथे सांगणे उपयुक्त होईल. गर मिक्सरमध्ये भरडला तर बिया फुटतात आणि रसात काळी कचकच उतरते. उलट गर पातेल्यात घेऊन साध्या लाकडी रवीने घुसळला तर पिशव्या फुटतात, बिया अभंग राहतात, आणि मग पुरणाच्या चाळणीतून गाळला की स्वच्छ रस हाती येतो. बर्फाच्या साच्यांत गोठवून ठेवला तर पुढचे काही महिने निश्चिंती. शेकडो वर्षे ताक करण्यात झिजलेल्या रवीला ही जादा कामगिरी इतकी सहज जमावी, हे पाहून मला मौज वाटली.

याच सुमारास मेलबर्नला स्थायिक झालेली आमची भाची सुट्टीत आली आणि तिने पावलोवा नावाचा पदार्थ करून दाखविला. अंड्यातले पांढरे साखरेबरोबर फेटून मंद आचेवर भाजायचे, म्हणजे वरून कुरकुरीत आणि आत मऊ अशी एक शुभ्र गादी तयार होते. तिच्यावर फेटलेली साय, आणि सायीवर पॅशन फ्रूटचा गर बियांसकट ओतायचा. रशियन नर्तिका अ‍ॅना पावलोवा १९२६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, तिच्या नावाचा हा पदार्थ. आणि तो प्रथम आपणच केला असा दावा ही दोन्ही राष्ट्रे आजतागायत एकमेकांविरुद्ध लढवीत आहेत. (रावसाहेबांचे मत असे की दोघांपाशीही सातबारा नाही.) आत्याबाई अंड्याचे नाव काढताच दूर सरकल्या होत्या. पण हीच पावलोवा १९२३ साली लंडनच्या रंगभूमीवर तरुण उदय शंकरांच्या कृष्णासमोर राधा होऊन नाचली होती, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी त्या ताटलीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. खाल्ले नाही, पण ताटली पुढे ओढून तिच्यावरच्या गराचा वास घेतला.

मला त्या ताटलीने शिकविले ते वेगळेच. या फळाला चुलीवर काम नको. त्याला थंड, गोड, दुधाळ आणि स्वभावाने थोडेसे मंद असे काहीतरी खाली अंथरून द्यावे, आणि त्याला अगदी शेवटी, पानात वाढतेवेळी, वरून येऊ द्यावे. आणि थंड, गोड, दुधाळ व मंद हे वर्णन ज्याला तंतोतंत लागू पडेल असा पदार्थ शोधण्यासाठी मराठी माणसाला मेलबर्नला जाण्याचे कारण नाही. श्रीखंडाइतका संथ प्रकृतीचा पदार्थ पृथ्वीवर दुसरा नसेल. दोन वाट्या खाल्ल्यावर माणसाची प्रकृतीही तशीच होते. चक्का ताज्या, गोडसर दह्याचा घ्यावा, कारण आंबट चक्क्यावर आंबट फळ म्हणजे एका चावडीत दोन पाटील, वेलदोडा टाळावा, जायफळ तर अजिबात नको, साखर नित्याप्रमाणे, आणि अर्धा किलो चक्क्याला चार-पाच फळांचा गर. तो फेटायचा नाही, नाहीतर श्रीखंड सैल पडते. वाटीत श्रीखंड घालून मध्ये चमच्याने खळगा करावा आणि त्यात गर सोडावा. बिया दाताखाली कुरकुरतात, त्या कुरकुरू द्याव्यात. केशराच्या पुरस्कर्त्यांनी आमच्या घरी या प्रकाराविरुद्ध निषेध नोंदविला, पण तो दुसरी वाटी घेतल्यानंतर.

आणखी एक प्रकरण सालींचे. ज्या समाजाने दोडक्याच्या शिरांची चटणी केली आणि कलिंगडाचा पांढरा भागही थालीपिठात मुरविला, त्याच्या हातून एवढी जाड साल केराच्या टोपलीत जाणे शक्यच नव्हते. पिकल्या फळाची साल उकडली की आतले पांढरे अस्तर मऊ होऊन चमच्याने सुटते. त्यात मुरंबा आळण्यास लागणारे द्रव्य भरपूर असते, म्हणून ज्या फळांचा मुरंबा पातळ राहतो त्यांच्या पातेल्यात ते मिसळावे. कच्च्या फळाच्या वाटेला मात्र जाऊ नये, त्यात अपायकारक द्रव्य असते. ईशान्येकडे या वेलीची कोवळी पानेदेखील शिजवून खातात, ही वार्ता मी सौभाग्यवतींपासून अद्याप दडवून ठेवली आहे.

पहिला बहर आषाढापर्यंत टिकला, आणि एकादशीच्या सकाळी, हे फळ उपासाला चालते काय, हा मुद्दा आत्याबाईंच्या न्यायासनापुढे आला. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की शास्त्रात ज्याचा उल्लेख नाही ते चालणार नाही. आत्याबाईंनी सर्व ऐकून घेतले, आणि मी मागे कधीतरी सांगितलेली साबुदाण्याची वंशावळ त्यांच्या ध्यानात होती, हे तेव्हा उघड झाले. त्या म्हणाल्या, "साबुदाणा चालतो ना? मग त्याच्या गावचा माणूस दारात आला तर त्याला उपाशी परत कसा पाठवायचा?" आणि खिचडी पानात वाढल्यावर त्यांनी अर्धे फळ हातात घेऊन तिच्यावर पिळले. गरम खिचडीच्या वाफेने तो सुगंध एकदा वर आला तेवढाच. पळून जाण्यापूर्वी तो आम्हां सर्वांच्या नाकातोंडात पोहोचला होता. आत्याबाईंनी आणखी थोडी खिचडी मागितली, अर्थात फळ संपवायचे म्हणून.

रावसाहेब हल्ली दुपारी झोपतात. गच्चीच्या खांबांचे डांबर त्यांनी स्वतः खरवडून काढले असून भुंग्यांना भोके पाडण्याची तोंडी परवानगी दिलेली आहे. लेखी हुकूम, ते म्हणतात, काम पाहून काढू.